विलायती उंदरांचा पाला

लसीची कुपी फोडली होती, खोड्यात बैल उभा होता, आणि दातारांचा माणूस सायकलवरून चिठ्ठी घेऊन आला. "तीन जनावरे अचानक दगावली. ताबडतोब यावे." खाली सही. सहीखाली 'निवृत्त इंजिनिअर'.

साठ सालानंतरची गोष्ट. मी शहापूरला गुरांचा डॉक्टर होतो. मुरबाडची जागा रिकामी होती, म्हणून तिथला चार्जही माझ्याकडेच. दोन तालुके, मलमपट्टीला एक ड्रेसर, एक सायकल आणि बर्फाचा एक थर्मास, एवढा सरंजाम. लोक आम्हाला ढोरडाक्टर म्हणत. दिवाळी झाली की बुळकांडीची लस टोचायची मोहीम निघे. बुळकांडी म्हणजे गुरांचा जुलाबाचा रोग. गोठ्यात शिरला की गोठा रिकामा करून जाई. लसीची पूड पाण्यात कालवली की ती तासा-दोन तासांत संपवावी लागे, नाहीतर फेकायची. त्या दिवशी किन्हवलीत साठेक बैल आणि म्हशी जमल्या होत्या. त्यातले वीसही झाले नव्हते.

मोहिमेच्या ऐन मध्यात एकाच घरी तीन जनावरं पडली म्हटल्यावर मनात दुसरं काय येणार? टोचायची परवानगी ड्रेसरला नव्हती. मी लस त्याच्या ताब्यात दिली आणि सायकलवर बसलो. मागून शेतकरी ओरडत होते, "ओ डाक्टर, आमी सकालपासून उभं हाव!" त्यांचं खरंच होतं.

दातारांचा बंगला गावाबाहेर, सरळगावच्या रस्त्याला. नोकरी संपल्यावर त्यांनी जागा घेऊन बांधलेला. पुढं फुलबाग, मागं भाजीचे वाफे. व्हरांड्यात दातार उभे होते. शेजारी त्यांची बायको विमलाबाई, डोळे रडून लाल झालेले. मी विचारलं, "गोठा कुठाय?"

"गोठा नाही," दातार म्हणाले आणि स्टुलावरचा टॉवेल उचलला.

टॉवेलाखाली तीन गिनीपिग मरून पडले होते.

मला खोड्यात उभे असलेले बैल आठवत होते.

गिनीपिग म्हणजे डुक्कर नव्हे. उंदराच्या जातीचं, शेपूट नसलेलं, ससुल्याएवढं गुबगुबीत जनावर. कॉलेजात आम्ही त्यांना फक्त इंजेक्शनं देताना पाहिलं होतं. पेशंट म्हणून कुणी आणलेलं कधी पाहिलं नव्हतं. दातारांचा पुतण्या मुंबईत प्रयोगशाळेत होता. त्यानं वर्षापूर्वी यांना चार आणून दिले, त्यांचे आठ झाले. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. जीव त्या आठांत होता. गावातले लोक त्यांना विलायती उंदीर म्हणत.

"विषप्रयोग आहे," दातार म्हणाले. "मला तुमचा लेखी रिपोर्ट हवा. मी फौजदारांकडे जाणार आहे."

"कोणी केला विषप्रयोग?"

त्यांनी हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. तिथं चाळिशीची एक बाई हातात विळा घेऊन उभी होती. तिचं नाव बुधी. गावकुसाबाहेरच्या कातकरी वाडीतली. बागेचं काम करी आणि गिनीपिगांना पाला तीच घाली.

"हे लोक उंदीर खातात, डॉक्टर. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

"खायचा असता तर विष घालून कोण मारेल?" मी म्हणालो. दातारांना ते आवडलं नाही.

मागच्या पडवीत गोणपाट अंथरून मी पोस्टमॉर्टेम केलं. एवढ्याशा जनावराचं पोट फाडायला माझी कात्री फार मोठी होती. हृदयावर रक्ताचे बारीक ठिपके होते. पोटात पाल्याचा चोथा. त्यावरून काही कळेना, म्हणून त्यांचा वाडा बघायला गेलो. बागेच्या कडेला जमिनीवरच तारेची जाळी लावून केलेला वाडा, वर पत्रा. पेंढा हलवला तर कोपऱ्यात अर्धवट कुरतडलेली चार पानं मिळाली. अरुंद, लांब, जाड, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा. ते पान एकदा ओळखलं की माणूस विसरत नाही. कण्हेर. शोभेसाठी आणि कुंपणासाठी सगळीकडे लावतात. फूल, पान, काडी, सगळं विषारी. थेट हृदयावर जातं. एवढ्याशा जिवाला एखादं पान पुरतं.

जाळीच्या पलीकडे कण्हेरीचं कुंपण होतं. कालच छाटलेलं. फांद्यांचा ढीग जाळीला टेकून पडला होता. हिरवं दिसलं की हे प्राणी जाळीतून तोंड घालून ओढतात. व्हरांड्यात भिंतीला टेकवून एक नवी कोरी मोठी कात्री ठेवली होती, आणि दातारांच्या कॅनव्हासच्या बुटाला कण्हेरीच्या गुलाबी पाकळ्या चिकटल्या होत्या.

मी बुधीला विचारलं, "बाई, तू काय घालतेस यांना?"

"हरली घालतो, शेगटाचा पाला घालतो. कनेरीला मी हात बी लावत नाय. शेली खात नाय ती ह्ये काय खातील?" मग जरा थांबून ती म्हणाली, "काल तोड कोनी केली, ते इचारा ना डाक्टर."

मी ऐकलं. ऐकून मी माझी कात्री पुसायला लागलो.

ते मला आजही स्पष्ट आठवतं. मी घाबरलो नव्हतो. दातारांच्या पार जिल्ह्याच्या साहेबांपर्यंत ओळखी होत्या, पण तेही कारण नव्हतं. मी दमलो होतो. पहाटे पाचला निघालो होतो, दुपारी मुरबाडला पोचायचं होतं, आणि मेलेल्या तीन उंदरांवरून एका म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायची ताकद अंगात नव्हती. मी पॅडवर लिहिलं, "विषारी वनस्पती पोटात गेल्यामुळे मृत्यू. वनस्पती कशी गेली ते सांगता येत नाही. हिरवा पाला ताबडतोब व पूर्णपणे बंद करावा. कोरडा पेंढा, गव्हाचा कोंडा व भिजवलेले चणे द्यावेत." सही केली.

"फौजदाराकडे जाऊ नका," तोंडानं एवढं मात्र म्हणालो. "पुरावा नाही."

"ठीक आहे," दातार म्हणाले. मग अंगणाकडे वळून, "उद्यापासून येऊ नकोस."

बुधीनं विळा पडवीत ठेवला, पदर खोचला आणि ती गेली. मी गावात खोड्यापाशी परतलो तेव्हा लस फेकून झाली होती आणि बैल घरी गेले होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठी. या वेळी माणूस शहापूरच्या दवाखान्यातच आला. "पुन्हा तोच प्रकार. दोन गेले, तीन मरणपंथाला."

मी सकाळच्या एसटीनं गेलो. तोच प्रकार नव्हता. कण्हेरीनं जनावर काही तासांत मरतं. हे कितीतरी दिवस झिजलेले होते. तिन्ही कोपऱ्यात बसून होते, मागचे पाय ओढत होते. उचलायला गेलो तर बारीक किंचाळले. गुडघे सुजलेले. तोंड उघडून पाहिलं तर हिरड्यांतून रक्त.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं," विमलाबाई म्हणाल्या. "हिरवं एक पानसुद्धा दिलं नाही. गवताची काडी आत जाऊ नये म्हणून मी स्वतः पेंढा निवडते."

"आणि बुधी?"

"त्या दिवसानंतर तिनं इकडे पाऊल टाकलं नाही," दातार म्हणाले. आवाज जरा उतरला होता. तिला काढूनही जनावरं मरत होती, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

मला काही सुचेना. संसर्ग असेल म्हणून सल्फाच्या गोळीची पूड करून दिली. मेलेले दोन पिशवीत घालून शहापूरला आणले आणि दवाखान्याच्या मागं उघडले. सांध्यांभोवती, बरगड्यांपाशी, मांसात, जिथं पाहावं तिथं रक्त साकळलेलं. असं गुरांत मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी माणसांच्या डॉक्टरांकडे चहाला गेलो. आम्ही दोघं बदलीवर आलेले, दोघांची बिऱ्हाडं गावाकडे, त्यामुळे चहा एकत्र व्हायचा. मी त्यांना सगळी लक्षणं सांगितली, कुणाची ते न सांगता.

"हिरड्यांतून रक्त, सांधे सुजलेले, हात लावला की ओरडतो?" ते म्हणाले. "पेशंट खातो काय?"

"कोंडा, चणे, पेंढा."

"पेंढा?"

"पुढं बोला."

"भाजी, फळ काही नाही? मग स्कर्व्ही आहे. पूर्वी जहाजांवरच्या खलाशांना व्हायची. लिंबू पाजा. भाजी का खात नाही तो?"

मी कप खाली ठेवला. "भाजी मीच बंद केली."

घरी येऊन कॉलेजचं पुस्तक काढलं. प्रयोगाच्या प्राण्यांवरचं प्रकरण परीक्षेला येत नसे, म्हणून आम्ही ते कधी उघडलं नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. बहुतेक जनावरं 'क' जीवनसत्त्व आपल्या अंगातच तयार करतात. गाय करते, कुत्रा करतो, कणगीतला उंदीरही करतो. माणसाला ते जमत नाही, माकडाला जमत नाही आणि गिनीपिगाला जमत नाही. त्यांना ते रोजच्या हिरव्या पाल्यातून मिळावं लागतं. ताजा पाला बंद केला तर दोन-तीन आठवड्यांत हिरड्या, सांधे, मग मरण. माझ्या रिपोर्टात लिहिलेलं पथ्य त्या दोघांनी अगदी निष्ठेनं पाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आवळे घेतले आणि किन्हवली गाठली. टूर डायरीत 'किन्हवली, तातडीची केस' लिहिलं. ठाण्याच्या जिल्हा ऑफिसातल्या साहेबांनी पुढे विचारलंच, "किन्हवलीला पुन्हा दोन फेऱ्या? डोस किती झाले?" मी म्हणालो, "शून्य."

आवळा किसून रस काढला, पेनात शाई भरायच्या ड्रॉपरनं थेंब थेंब पाजला. मग दातारांना म्हणालो, "बसा. दोन गोष्टी सांगायच्यात."

"बोला."

"आता गेलेले दोन माझ्यामुळे गेले. यांना हिरवा पाला लागतोच. तो मी बंद करायला सांगितला. पुस्तक न बघता."

दातारांनी चष्मा काढला. "आणि दुसरी?"

"पहिले तीन कण्हेरीनं गेले. कण्हेर आदल्या दिवशी छाटली होती आणि फांद्या जाळीला लागून टाकल्या होत्या. बुधीनं नाही टाकल्या."

विमलाबाई नवऱ्याकडे बघू लागल्या. दातार बागेकडे बघत राहिले.

"तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मी ड्रॉपर पुसून ठेवला. "पाल्याचं बघू," मी म्हणालो.

पण पाला कोणता? पुस्तकात कोबी, गाजर आणि लसूणघास होता. किन्हवलीत यातलं काही नव्हतं. विमलाबाई इतक्या धसकल्या होत्या की म्हणाल्या, "मला तर आता तुळससुद्धा विषारी वाटते. तुम्ही सांगा, बागेतलं काय घालू?" मी बागेवरून नजर फिरवली. गाईला काय चालतं ते मला माहीत होतं. गाईला पचलेलं या एवढ्याशा पोटाला पचेल याची खात्री कोण देणार? आणि ठोकून सांगायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. एक माणूस होतं, ज्यानं वर्षभर आठ जनावरं याच बागेवर गुटगुटीत ठेवली होती.

विमलाबाई पायांत वहाणा सरकवून माझ्याबरोबर निघाल्या. दातार व्हरांड्यातच राहिले.

वाडीत बुधी झोपडीपुढं भांडी गोणत्यात भरत होती. नवरा कुडाचं दार बांधून घेत होता. सगळी वाडी निघायच्या तयारीत. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. बागेचं काम होतं म्हणून गेल्या वर्षी बुधी गेली नव्हती.

विमलाबाईंना बघून ती उभी राहिली. "काय झाला, बाय? अजून मेले?"

"दोन गेले. तीन आहेत."

"कबरा हाय का?"

"आहे."

"न तांबडी?"

"तीही आहे."

बुधीनं हातातलं भांडं गोणत्यात ठेवलं. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तवा कागुद लिवला तुमी. त्यात माझा नाव लिवला का?"

"नाही. कोणाचंच नाव लिहिलं नाही."

"मंग बुधीनं नाय घातली, असा का नाय लिवला? तुमी बघितला व्हता. त्या साहेबाच्या पायाकडं बघितला, मी बघत व्हतो तुमाला."

विमलाबाई पुढं झाल्या. "कण्हेर यांनी तोडली होती, बुधी. माझ्यासमोर तोडली. मलाही तेव्हा कळायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "तू एकदा चल. ती तिघं तरी वाचू देत."

बुधीनं गोणता बांधून पूर्ण केला. गाठ दोनदा ओढून बघितली. मग म्हणाली, "चला."

बागेत ती पुढं, आम्ही दोघं मागं. मी टूर डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेत होतो. हरळी रोज चालेल, पोटभर. पण दव पडलेली ओली नको. कापून सावलीत पाणी सुकू द्यायचं, नाहीतर पोट फुगतं. शेवग्याचा, म्हणजे तिच्या शेगटाचा, कोवळा पाला रोज मूठभर. जास्वंदीचं फूल आणि कोवळं पान चालतं. "कबऱ्याला फूल लय आवडतं, तो हातातून घेतो." रताळ्याचे वेल चालतात. मक्याची पानं चालतात. कोथिंबिरीचे देठ आणि गुलाबाच्या पाकळ्या थोड्या. नवा पाला एकदम नाही घालायचा, आज चिमूट, उद्या दोन चिमटी, आणि मध्ये लेंड्या बघायच्या.

नको त्याची यादी तिनं बोटानं दाखवत सांगितली. कण्हेर, लाल आणि पिवळी दोन्ही. कुंपणातली घाणेरी. रुई, धोतरा, एरंड. आणि भाजीच्या वाफ्यापाशी थांबून, "हा टमाटा. फल खा तुमी, पाला यांना नको." हे मलाही ठाऊक नव्हतं. नंतर पुस्तकात बघितलं. बरोबर होतं.

"तुला हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगनार? घालायचा जरासा न बसून बघायचा. मी दुपारभर बसत व्हतो त्यांच्याकडं."

एवढ्यात दातार पायऱ्या उतरून आले. बुधीपासून दहा हातांवर थांबले. घसा साफ केला. "बुधी, उद्यापासून ये कामावर."

"परवा ट्रक येतोय, साहेब. भट्टीवाल्याला शब्द दिलाय."

"मी हे कुंपण काढून टाकतो. सगळी कण्हेर उपटतो."

"उपटू नका," ती म्हणाली. "तिच्यापायी गावची ढोरं आत येत नाय. तोडली का फांद्या लांब नेऊन टाका, येवढंच."

दातारांनी मान डोलावली. माफी मागायला ते आले होते, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. पण ती त्यांनी मागितली नाही. बुधी वाड्यापाशी बसली, जाळीतून बोट घालून कबऱ्याच्या कपाळाला लावलं आणि एक कोवळं पान त्याच्या तोंडापाशी धरलं. त्यानं बराच वेळ हुंगलं. मग खाल्लं. ती उठली आणि गेली.

तिघांपैकी एक त्याच आठवड्यात गेला. कबरा आणि तांबडी वाचली. पंधरा दिवसांत पायावर नीट उभी राहिली आणि उन्हाळ्यात त्यांना पिल्लं झाली.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिले मृत्यू मालकाने छाटलेल्या कण्हेरीमुळे, नंतरचे पशुवैद्याने चुकीचे पथ्य सांगितल्यामुळे. पाला घालणाऱ्या बाईचा यात काही दोष नाही, उलट तिच्या माहितीमुळे जनावरे वाचली. दातारांनी तो दोनदा वाचला. "स्वतःविरुद्ध लिहिलंय तुम्ही."

"तुमच्याविरुद्धही लिहिलंय."

"हो," म्हणाले आणि कागद खिशात ठेवला. फाडला नाही, एवढं खरं.

वैशाखात बुधी भट्टीवरून परत आली. दातारांनी दोनदा निरोप पाठवला, ती गेली नाही. दुसरीकडे कुठं तिला बागेचं काम मिळालंही नाही. किन्हवलीत तोवर पक्कं झालं होतं की कातकरणीनं इंजिनिअर साहेबाचे उंदीर विष घालून मारले. माझा दुसरा रिपोर्ट दातारांच्या घरात होता, आणि गावात पहिल्याचीच गोष्ट फिरत होती. मी कार्बन कॉपी घेऊन वाडीत गेलो आणि तिला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"बरा लिवलाय," ती म्हणाली. "पर ह्यो तवा लिवायचा व्हता."

पुढं माझी आणखी पंचवीस वर्षं नोकरी झाली. 'बंद करावे' असं लिहिलं की त्याच्याखाली 'त्याऐवजी काय द्यावे' हे लिहायची सवय मला किन्हवलीत लागली. आणि डोळ्यांनी जे पाहिलं ते त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहायचं, कितीही दमलो असलो तरी. गिनीपिग मात्र पुन्हा कधी पेशंट म्हणून आला नाही.